चांदणीला वांझ म्हणू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर मॅडम,

घोडबंदर रोडला ओवळ्यात आमचा छोटा तबेला आहे. वडील आयुष्यभर वरातीला घोडे द्यायचे. दिवाळीनंतर ते गेले. आता एकच घोडी उरली आहे, चांदणी. मारवाडी, पंचकल्याणी, वय चौदा. आठ वर्षांची असताना एकदा व्याली आहे. वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेत एक मारवाडी घोडा पाहून ठेवला होता. चांदणीला त्याचंच शिंगरू व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. घोडा राजस्थानात असतो, म्हणून मालकाकडून गोठवलेल्या वीर्याच्या आठ कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, मागवल्या. जानेवारीच्या सुरुवातीला चांदणी माजावर आली. आमच्या ओळखीचे एक जण गायींना रेतन करतात. त्यांनी माजाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक कांडी तळहातावर चोळून गरम केली आणि भरली. चार दिवसांनी शेपटीच्या केसांना पांढरं चिकट काहीतरी लागलेलं दिसलं. महिनाअखेरीस घोडी पुन्हा माजावर आली. उरलेल्या सात कांड्या त्यांच्याच कंटेनरमध्ये आहेत. ते म्हणतात, दर माजाला एक अशी सात वेळा भरू. धाकटा भाऊ म्हणतो, घोडी वांझ झाली, विकून टाक, नाहीतर रेसच्या घोड्यांना जिथे अशी इंजेक्शनं भरतात तिथे ने. काय करू? आणि अक्षय तृतीयेच्या वरातीची सुपारी घेतलेली आहे, ती ठेवू की सोडू?

एक वाचक, ओवळे, ठाणे

उत्तर

नमस्कार.

आधी कांड्यांचं बोलते, कारण त्याची घाई आहे. येत्या माजाला एकही कांडी भरू नका. सात कांड्या म्हणजे सात संधी असा तुमचा समज करून दिला गेला आहे, पण घोडीच्या हिशेबाने त्या सगळ्या मिळून जेमतेम एकच संधी होते.

गणित असं आहे. घोडीला एका वेळी निदान २५ कोटी पुढे सरकणारे शुक्राणू लागतात, असं जगभर धरतात. घोड्याची कांडी बहुधा अर्ध्या मिलिलिटरची असते आणि तिच्यात साधारण १० कोटी शुक्राणू भरलेले असतात. गोठवताना आणि वितळवताना त्यातले बरेच मरतात. शंभरातले तीस-पस्तीस चालते राहिले तर ते वीर्य चांगलं समजायचं. म्हणजे एका कांडीतून साडेतीन कोटी हाती येतात, आणि आठ कांड्यांची मिळून एक मात्रा होते. मालकाने आठ पाठवल्या त्या म्हणूनच. काही ठिकाणी दाट भरतात, तिथे चार पुरतात. तुमच्या कांड्यांसोबत कागद आला असेल. त्यावर घोड्याचं नाव, गोठवल्याची तारीख, बॅच नंबर, कांडीतली संख्या आणि वितळवल्यावर किती टक्के चालतात, हे सगळं लिहिलेलं असायला हवं. नसेल तर आजच मालकाला फोन करून मागून घ्या. घोड्याच्या रक्ततपासणीचे अहवालही मागा. ग्लँडर्स आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय या दोन्ही रोगांत घोडा निर्दोष आहे हे कागदावर दिसल्याशिवाय चांदणीच्या जवळ काही नेऊ नका.

ज्यांनी रेतन केलं त्यांच्यावर रागावू नका. गायीसाठी जे बरोबर आहे तेच त्यांनी केलं. गायीला एक कांडी पुरते, तीही पाव मिलिलिटरची. गायीचा माज तासांत मोजायचा असतो आणि बीज सुटतं ते माज उतरल्यावर. म्हणून सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायचं, हा नियम आपल्याकडे गावोगाव पाठ आहे. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी, घोडी अजून शेपटी वर धरून उभी असताना. वितळवलेला शुक्राणू तिच्या पोटात फार तर बारा तास कामाचा राहतो. सुटलेलं बीज त्याहून कमी, सहा-आठ तास. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेलं वीर्य पाचव्या दिवशी सुटणाऱ्या बीजाची वाट पाहत बसत नाही. त्या दिवशी चांदणी राहिली असती तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. त्यात जानेवारीचा माज. थंडीच्या लहान दिवसांत काही घोड्यांची अंडाशयं सुस्त असतात, माज दिसतो पण बीज सुटतच नाही. आपल्या ठाण्यात दिवस उत्तरेइतके आखूड होत नाहीत, तरी फेब्रुवारीनंतरचा माज जास्त भरवशाचा.

म्हणून भावाला सांगा, चांदणीला वांझ म्हणू नका. तिची परीक्षा अजून झालेलीच नाही. चौदा हे वय शिंगरासाठी फार तरुण नाही, पण हातातून गेलेलंही नाही. आणि एकवीस-बावीस दिवसांच्या ठोक्याला ती पुन्हा माजावर आली, ही चांगली खूण आहे.

माझं मन अडकलं आहे ते शेपटीच्या केसांवरच्या त्या चिकट पांढऱ्यात. गोठवलेल्या वीर्याने घोडीच्या गर्भपिशवीला थोडी सूज येतेच. गोठवायच्या आधी वीर्यातलं मूळ पाणी काढून टाकतात, आणि सूज आवरण्याचं काम त्या पाण्यातच असतं. तरुण घोडी ही घाण एका दिवसात बाहेर टाकते. वय झालेल्या घोडीची पिशवी पोटात खाली लोंबते, पाणी आत साचतं आणि त्यात जंतू वाढतात. चार दिवसांनी स्राव दिसला याचा अर्थ चांदणीची पिशवी स्वतःहून साफ होत नाही, किंवा त्या दिवशीच्या हातानेच काही आत गेलं. दोन्हींचा उपाय एकच, आधी पिशवी तपासून घ्यायची. येत्या माजात, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, डॉक्टरांकडून पिशवीतला नमुना घेऊन कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का याची तपासणी, करून घ्या आणि त्यात पेशी पाहायला सांगा. जंतू निघाले तर त्यांना लागू पडणारं औषध आणि निर्जंतुक सलाइनने पिशवी धुणं. एकेक लिटर आत सोडायचं आणि बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवत राहायचं. घरचं डेटॉल किंवा बाटलीतलं घट्ट आयोडीन कुणी भरू म्हणालं तर हात धरा. त्याने आतलं अस्तर भाजतं आणि मग घोडी खरोखरच कायमची वांझ होते. तसंच योनीचे ओठ नीट मिटतात का, हेही डॉक्टरांना पाहू द्या. अंग उतरलेल्या घोडीत ते आत ओढले जातात, चालताना हवा आणि शेण आत जातं. तसं असेल तर वरच्या भागाला टाके घालतात. लहानसं काम आहे, पण त्याच्याविना बाकी सगळा खर्च वाया जातो.

आता कांड्या खरंच जिवंत आहेत का, ते पाहू. कंटेनरमध्ये द्रव नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांवर. झाकण उघडलं नाही तरी तो रोज थोडा उडत असतो. स्वतः जा आणि त्यात कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घालायला लावा. थोड्या वेळाने काढून हवेत हलवली की खालच्या भागावर पांढरं दव गोठतं, तेवढी नायट्रोजनची पातळी. पट्टीवर दोन बोटंच पांढरी झाली तर कांड्यांची वरची टोकं कोरडी आहेत असं समजा. रोज गायींसाठी उघडणारं कंटेनर हे घोड्याच्या कांड्यांना वाईट घर आहे. दर वेळी कांड्यांचा कप वर उचलला की तुमच्या कांड्याही कंटेनरच्या मानेपर्यंत येतात, उबदार होतात आणि परत गोठतात. बाहेरून काही दिसत नाही, आतले शुक्राणू मरतात. आणि हे ठाणं आहे. आपल्या हवेत कांडी मानेच्या वर काही सेकंद राहिली तरी नुकसान होतं.

तेव्हा एक कांडी तपासणीला द्या. ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, थर्मामीटर लावून. बोट बुडवून किंवा तळहातावर चोळून नाही. मग कांडी पुसून पूर्ण कोरडी करायची, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कोमट काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. एक कांडी गेली म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, मला कळतं. पण सगळ्या मेलेल्या असतील तर त्या एका कांडीने तुमचा अख्खा हंगाम वाचेल. तीस टक्के चालते दिसले तर उरलेल्या सहा चालतील. मात्रा थोडी कमी पडते, त्यालाही वाट आहे. ज्या बाजूच्या अंडाशयातून बीज सुटणार, गर्भपिशवीच्या त्या बाजूच्या फांदीच्या (तिला शिंग म्हणतात) टोकापर्यंत लांब लवचिक नळी नेऊन वीर्य तिथेच सोडतात. मग कमी मात्रेत भागतं. हे काम घोड्यांवर रोज काम करणाऱ्या डॉक्टरांचंच. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्समुळे असे डॉक्टर आपल्या आवाक्यात आहेत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, जे १८८६ पासून चालू आहे, तिथे प्रजनन विभागात चौकशी करा.

भावाच्या रेसच्या घोड्यांबद्दल एकच सांगते. तिथे उलटा कायदा आहे. थरोब्रेड या रेसच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाच्या शिंगराची नोंदच होत नाही. पुण्यातली स्टड बुक, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही, प्रत्यक्ष घोडा लावून झालेलीच शिंगरं नोंदवते, आणि जगभर तसंच आहे. गोठवलेल्या वीर्याचं काम आपल्याकडे देशी जातींसाठी चाललं आहे, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या तळावर मारवाडी घोड्यांवर. तिथेच २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून राज-प्रथमा नावाची शिंगी जन्मली.

आता मुख्य गोष्ट. गोठवलेल्या वीर्यात भरणं हे काम पाच मिनिटांचं. सगळा जीव वेळ ओळखण्यात आहे, आणि वेळ ओळखायची म्हणजे सोनोग्राफी. घोडी माजावर आली की दोन-तीन दिवसांनी डॉक्टर रोज स्कॅन सुरू करतात. पडद्यावर एक काळा गोल दिसतो, ते फॉलिकल, अंडाशयातला बीज असलेला पाण्याचा फोड. पिशवीचा आडवा छेद बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो, आऱ्या असलेला, ती माजाची सूज. गोल ३५ मिलिमीटरच्या वर गेला आणि आऱ्या स्पष्ट असल्या की बीज सुटायला लावणारं एचसीजीचं इंजेक्शन देतात. त्यानंतर बहुतेक घोड्यांत ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं.

इथे मी माझी एक चूक सांगते. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. एका तबेल्यात अशीच एक घोडी होती आणि वीर्याची शेवटची मात्रा. रात्री दहाला स्कॅन केला. फॉलिकल ४२ मिलिमीटर, बोटाने दाबलं तर मऊ. गोल आकार जाऊन एका बाजूला टोक निघालं होतं, पेरूसारखं. हे टोक बीज सुटायच्या छिद्राकडे वळतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दोन रात्री झोप नव्हती. मालक म्हणाले, सकाळी या, आणि मी निघाले. सकाळी नऊला पाहिलं तर काळा गोल नाही, त्याच्या जागी पांढुरका डाग. बीज सुटून गेलं होतं. रात्री अकराला की सकाळी आठला, सांगायला कुणी नव्हतं. तरी भरलं. घोडी राहिली नाही आणि तो घोडा तोवर मेला होता, त्याची दुसरी कांडी मिळणार नव्हती. मालक मला काही बोलले नाहीत. ते आजही आठवतं. त्यानंतर मी त्या शेवटच्या बारा-अठरा तासांत तबेला सोडून कधी गेले नाही.

म्हणून डॉक्टर ठरवताना पहिला प्रश्न फीचा विचारू नका. विचारा, दर सहा तासांनी स्कॅन कराल का, आणि पहाटे चारला याल का? थोडी सोय करता येते. इंजेक्शन सोमवारी रात्री आठला दिलं तर ३६ तास बुधवारी सकाळी आठला भरतात आणि ४८ तास बुधवारी रात्री आठला. म्हणजे बीज बहुधा बुधवारी दिवसाउजेडी सुटेल. काही घोड्या घाई करतात, त्यामुळे मंगळवारी रात्रीपासूनच दर सहा तासांनी पाहायचं, आणि बीज सुटल्याचं दिसताच सहाच्या सहा कांड्या एकदम वितळवून भरायच्या. डॉक्टर मुंबईहून येणार असतील तर त्या दोन दिवसांत त्यांची झोपायची सोय तुमच्याकडेच करा. घोडबंदर रोडवर रात्री रस्ता मोकळा मिळेल असं धरू नका, रात्रीच तर ट्रेलर सुटतात, आणि गायमुखला एक ट्रक बंद पडला की सहा तास तिथेच जातात. शक्य असेल तर उलट करा, चांदणीलाच आठवडाभर डॉक्टरांच्या जवळच्या तबेल्यात नेऊन ठेवा. मला हेच जास्त पटतं. फक्त दोन दिवस आधी न्या, म्हणजे ती जागेला रुळेल.

भरल्यावर काम संपत नाही, चांदणीच्या बाबतीत तर मुळीच नाही. बारा ते चोवीस तासांत पुन्हा स्कॅन करून पिशवीत पाणी साचलंय का पाहायचं. साचलं असेल तर ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आवळून पाणी बाहेर टाकायला लावणारं औषध, आणि पुन्हा धुणं. भीती वाटते लोकांना, की धुतल्याने वीर्य वाहून जाईल. चार तास उलटून गेले की जे वर चढायचे ते शुक्राणू बीजनळीत पोचलेले असतात. मग धुणं तिच्या भल्याचंच.

त्यानंतर चौदाव्या-पंधराव्या दिवशी गर्भाची तपासणी. ही टाळू नका. घोडी कधी दोन बीजं सोडते आणि जुळं धरते. गायीला जुळं झालं तर आपण पेढे वाटतो, घोडीला जुळं म्हणजे संकट. तिच्या पिशवीत दोघांना पुरेल एवढी जागा वारेला मिळत नाही आणि बहुतेक वेळा दोन्ही जातात, कधी घोडीही. सोळाव्या दिवसाच्या आत दोन्ही गर्भ पिशवीत फिरते असतात, तेव्हाच डॉक्टर एकाला बाजूला घेऊन बोटाने दाबून काढू शकतात. उशीर झाला की ते अवघड होतं. मग अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा स्कॅन. त्या दिवशी पडद्यावर लुकलुकणारं हृदय तुम्ही स्वतः पाहा.

सगळं जुळलं तरी एका माजात दहातल्या चार-पाच घोड्या राहतात. हे ऐकून मन घट्ट करा. चांदणी या वेळी राहिली नाही तर पुढच्या कांड्यांवर पैसे घालण्याआधी दुसरा रस्ता पाहा. तुमच्या मनात तोच एक घोडा आहे, त्यामागे वडील आहेत, म्हणून मी त्याला नाही म्हणत नाही. पण महाराष्ट्रात, पुण्या-नाशकाकडे, चांगला मारवाडी घोडा मिळत असेल तर गोठवलेल्यापेक्षा थंड केलेलं वीर्य चांदणीला जास्त मानवेल. ताजं काढून त्यात दुधाचं मिश्रण घालतात आणि पाच अंशांवर पेटीत ठेवतात. ते एक दिवस, कधी दोन दिवसही चालतं. गाडीने चार तासांत ठाण्यात येतं. बीज सुटायच्या आधी चोवीस तासांत कधीही भरलं तर चालतं, पहाटे चारचा जागर लागत नाही, आणि राहण्याचं प्रमाणही जास्त. गोठवलेलं वीर्य खरं कामाचं कधी? घोडा हजार किलोमीटर दूर असेल किंवा मेला असेल तेव्हा. १९५७ मध्ये कॅनडात गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिलं शिंगरू जन्मलं. त्याला इतकी वर्षं झाली, तरी ताज्याची बरोबरी त्याने अजून केलेली नाही.

तर फेब्रुवारीच्या माजात फक्त तपासणी आणि सफाई. पिशवी स्वच्छ निघाली तर मार्चच्या मध्यावर, पाडव्याच्या आगेमागे, रेतन. घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते. म्हणजे शिंगरू पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्याला. ओवळ्यातला पावसाळ्यातला चिखल त्याला पहिले तीन-चार महिने तरी लागणार नाही, हे मला फार बरं वाटतं. तोवर चंदी वाढवा, पण चांदणीला लठ्ठ करू नका. बरगड्या दिसू नयेत, हात फिरवला की लागाव्यात.

आता सुपारीचं. मार्चमध्ये रेतन झालं तर अक्षय तृतीया बहुधा पहिल्या चाळीस दिवसांतच येते, आणि गर्भ गळण्याची भीती तेव्हाच जास्त असते. रोजचं हलकं चालणं तिला चांगलं. डीजेसमोर तीन तास, फटाके, पाठीवर नवरदेव आणि पुढे नाचणारी शंभर माणसं हे त्या दिवसांत तिच्यावर घालू नका. सुपारी आत्ताच परत करा, म्हणजे त्या घरच्यांना दुसरी घोडी बघायला वेळ मिळेल. येऊर किंवा कळव्याकडच्या तुमच्या ओळखीच्या घोडेवाल्याला ती वरात देऊन टाका. तुमच्या वडिलांची माणसं आहेत, नाही म्हणणार नाहीत.

माज ओळखायला तुमच्याकडे दुसरा घोडा नाही, म्हणून पंधरा फेब्रुवारीपासून रोज सकाळी खरारा करताना नीट पाहा. शेपटी बाजूला धरते का, थोडं थोडं मुतते का, योनी उघडमीट करते का. पहिल्या दिवशीची तारीख तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.